तयार थीममधील चोरवाटा

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे लहानमोठ्या संस्थांची संकेतस्थळे निघाली. पतपेढी, शाळा, वाचनालय, गृहनिर्माण संस्था, कामगार संघटना, कोणीही मागे राहिले नाही. संकेतस्थळ उभे करणे आता पूर्वीसारखे खर्चाचे काम उरलेले नाही. वर्डप्रेस नावाची एक प्रणाली २००३ साली निघाली. ती फुकट मिळते, आणि जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी चार तरी तिच्यावर चालतात. २००५ पासून तिला ‘थीम’ची जोड मिळाली. थीम म्हणजे संकेतस्थळाचा तयार पोशाख. मजकूर आपला, रंग, मांडणी, वरची सरकती चित्रे, बाजूचे चौकटी-कोनाडे हे सारे थीमचे. शिंप्याकडे माप द्यायला नको, दुकानातून आणावा आणि अंगात घालावा.

पोशाखाची उपमा सोयीची आहे, पण ती एका ठिकाणी फसवी आहे. सदरा काही काम करीत नाही; थीम करते. थीममध्ये शेकडो फाइली असतात आणि त्यांपैकी पुष्कळ फाइलींत संगणकाला दिलेल्या आज्ञा असतात. थोडक्यात, आपण कापड विकत घेतले असे समजतो आणि प्रत्यक्षात घरात एक चालते यंत्र आणून ठेवतो. ते यंत्र कोणी बनवले, त्याचे कोणते भाग कोठून आले, त्यावर झाकण आहे की नाही, हे आपण विचारीत नाही. हा विषय इंजिनियरांचा आहे, कामगार चळवळीतल्या माणसाने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. यंत्राचे दाते कसे फिरतात हा विषयही इंजिनियरांचाच होता. पण बोटे जात ती कामगारांची.

या यंत्रात होणाऱ्या दोषांपैकी एकाचाच विचार आम्ही येथे करणार आहोत. त्याला ‘फाइल इन्क्लूजन’चा दोष म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही.

वर्डप्रेसचे पान आधी छापून ठेवलेले नसते. वाचकाने मागितले की ते त्याच क्षणी जुळवले जाते. डोक्याचा भाग एका फाइलीतून, पायाचा दुसरीतून, मजकूर डेटाबेसमधून. हे जुळवण्याचे काम पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले असते आणि त्या भाषेत ‘इन्क्लूड’ अशी एक आज्ञा आहे. तिचा अर्थ एवढाच की अमुक फाइल आण, येथे बसव, आणि तिच्यात पुढील हुकूम लिहिलेले असतील तर तेही पाळ.

दप्तरखान्यातल्या शिपायाचे उदाहरण घेऊ. साहेब चिठ्ठी लिहितात, शिपाई ती घेऊन आत जातो आणि फाइल आणून टेबलावर ठेवतो. चिठ्ठी साहेबांची आहे तोवर काही बिघडत नाही. आता अशी कल्पना करा की वेळ वाचावा म्हणून कोणीतरी अशी व्यवस्था केली की बाहेरच्या खिडकीशी आलेल्या कोणाही इसमाने चिठ्ठी लिहावी आणि शिपायाने ती न वाचता पाळावी. बहुतेक लोक सरळ असतात; ते ‘तिसऱ्या कप्प्यातले चित्र द्या’ असेच लिहितील. पण एखादा लिहील : ‘त्या कप्प्यातून बाहेर ये, एक जिना चढ, आणखी एक जिना चढ, तिजोरीच्या खोलीत जा आणि तेथली किल्ल्यांची वही आण.’ संगणकाच्या भाषेत दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ यांचा अर्थ ‘एक पायरी वर चढ’ असा होतो. पत्त्याच्या पट्टीत चित्राच्या नावाऐवजी ही टिंबे आणि रेघा दोन-चार वेळा लिहायच्या आणि शेवटी हव्या त्या फाइलीचे नाव. एवढ्यावर तिजोरीची खोली उघडते. वर्डप्रेसमध्ये किल्ल्यांची वही म्हणजे ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाची फाइल. डेटाबेसचे नाव, त्याच्या वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड तिच्यात साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. त्या पासवर्डाने बाहेरून डेटाबेस गाठता येतोच असे नाही. पण एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरण्याची खोड लहान संस्थांना फार असते, आणि चोराला ती ठाऊक असते.

हा झाला नुसता फाइल वाचण्याचा प्रकार. याहून वाईट प्रकार असा की शिपाई फाइल नुसती आणत नाही, तिच्यातला हुकूम पाळतो. मग चोराला एकच काम उरते : आपला हुकूम आतल्या कोणत्यातरी कागदावर उतरवून घ्यायचा. ते त्याला जमते. प्रत्येक सर्व्हर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंदवही ठेवतो. कोण आला, कोणत्या ब्राउझरने आला, काय मागितले. चोर येतो आणि ब्राउझरच्या नावाच्या रकान्यात आपले हुकूमच लिहून जातो. मग दुसऱ्या फेरीत शिपायाला सांगतो, ती नोंदवही आण. शिपाई वही उघडतो, हुकूम वाचतो आणि पाळतो. हजेरीबुकात नावाच्या जागी कोणी ‘गेट उघडा’ असे लिहावे आणि ते वाचून पहारेकऱ्याने खरोखरच गेट उघडावे, तसे हे आहे. तिसरा प्रकार, म्हणजे दुसऱ्याच सर्व्हरवरची फाइल पत्ता देऊन आत ओढून घेणे, हा एकेकाळी फार चाले. २००६ साली पीएचपीच्या ५.२ या आवृत्तीत ही सवलत मुळातच बंद करून ठेवण्यात आली. मालकाने मुद्दाम चालू केल्यावाचून ती आता चालत नाही. कारखान्यातूनच गार्ड बसवून यंत्र आले की काय फरक पडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या दोषाचा उपाय कोणत्याही चांगल्या कारागिराला ठाऊक आहे. खिडकीवरच्या चिठ्ठीत फाइलीचे नाव स्वीकारायचेच नाही. आत परवानगीची यादी ठेवायची, आणि बाहेरच्याने फक्त ‘क्रमांक एक’, ‘क्रमांक दोन’ असे मागायचे. यादीत नसेल ते मिळणार नाही. हे लिहायला चार-सहा ओळी लागतात. चार-सहा ओळींचे काम असूनही हा दोष वर्षानुवर्षे का राहतो, असे कोणी विचारील. आमच्या मते याचे उत्तर संगणकशास्त्रात मिळणार नाही. काम कोणी केले, कोणी विकले आणि कोणी निस्तरले, हे पाहिले तर ते मिळेल. म्हणून घडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

बेन गिलबँक्स नावाच्या ब्रिटिश कारागिराने चित्रे लहान करण्याची एक छोटी फाइल इतरांच्या साहाय्याने तयार करून लोकांना फुकट दिली. तिचे नाव टिमथंब. मोठे छायाचित्र द्यावे आणि हवे त्या मापाचे छोटे चित्र घ्यावे, एवढेच तिचे काम. थीम बनवणाऱ्यांना ती फार सोयीची पडली. पैसे घेऊन थीमा विकणाऱ्यांनीही ती उचलली आणि आपल्या मालात घातली. तिचे नाव गिऱ्हाइकाला सांगण्याचे काही कारण नव्हते. गिऱ्हाईक थीम घेत होते, तिच्यातले खिळे मोजत नव्हते.

ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माउंडर नावाच्या एका तंत्रज्ञाला आपल्याच संकेतस्थळावर जाहिराती दिसू लागल्या. त्याने तर जाहिराती घेतल्याच नव्हत्या. तो माग काढीत गेला तो थेट थीममधल्या टिमथंबपर्यंत पोचला. ही फाइल बाहेरच्या काही ठरावीक संकेतस्थळांवरूनही चित्रे आणीत असे आणि आपल्या कप्प्यात साठवीत असे. त्यासाठी परवानगीची यादी होती : फ्लिकर, ब्लॉगर, वर्डप्रेस वगैरे. यादी होती हे खरे, पण तपासणी अशी होती की पत्त्यात यादीतले नाव कोठेही आले की पुरे. चोराने आपल्या सर्व्हरच्या नावाआधी ‘ब्लॉगर डॉट कॉम’ ही अक्षरे जोडली आणि तो आत आला. गेटवरच्या पहारेकऱ्याने पासावर कंपनीचे नाव कोठेतरी छापले आहे एवढे पाहून माणसाला सोडावे, तशातली ही गत. आणलेले ‘चित्र’ चित्र नसून आज्ञांची फाइल होती, आणि ती ज्या कप्प्यात साठवली जाई तो बाहेरून हाक मारण्याजोगा होता. काटेकोर भाषेत याला ‘इन्क्लूड’ म्हणता येणार नाही, तंत्रज्ञ त्याचे नाव वेगळे ठेवतील. परंतु वर्ग तोच : परक्याने सांगितलेली फाइल न तपासता घरात घेणे.

माउंडरने नुसती तक्रार केली नाही, त्याने ती फाइल नव्याने लिहून काढली आणि गिलबँक्सने तिच्यावरून टिमथंबची दुसरी आवृत्ती काढली. येथवर सारे सज्जनपणाने झाले. पण नवी आवृत्ती निघाली म्हणून हजारो थीमांच्या पोटात बसलेल्या जुन्या आवृत्त्या आपोआप बदलत नाहीत. थीमवाल्याने बदलून दिली तर बदलणार, आणि मालकाने ती बदललेली थीम उतरवून घेतली तर कामाला येणार. २०१४ साली गिलबँक्सने टिमथंबची देखभाल थांबवली. आम्हाला त्या माणसाला दोष द्यावासा वाटत नाही. फुकट केलेल्या कामावर दुसऱ्यांनी दुकाने थाटली. त्या दुकानदारांनी फाइल एकदा तपासून पाहिली असती तर? विनामोबदला श्रमावर नफा आणि दोषाची जबाबदारी मात्र त्या श्रमिकावर, ही रीत आम्हाला नवी नाही.

दुसरी गोष्ट २०१४ ची आणि ती पहिलीपेक्षा कडू आहे. ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ हे पानाच्या माथ्यावर सरकती चित्रे दाखवणारे प्लगिन. थीमपंच नावाच्या जर्मन कंपनीचे, आणि हे फुकट नव्हे, विकत. ते स्वतंत्रही मिळे आणि शेकडो थीमांच्या आत गुंडाळूनही येई. त्यात चित्र दाखवण्याची जी आज्ञा होती ती चित्राचे नाव पाहुण्याकडून घेई आणि न तपासता ती फाइल पुढ्यात टाकी. चित्राच्या जागी दोन टिंबे, तिरपी रेघ आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ लिहिले की किल्ल्यांची वही हातात. वर सांगितलेला पहिला प्रकार, अगदी पाठ्यपुस्तकी.

विक्रेत्याने हे भोक फेब्रुवारी २०१४ मध्ये ४.२ या आवृत्तीत बुजवले. पण गाजावाजा केला नाही. भोकाची बातमी फुटली तर चोर शहाणे होतील, असे यावर समर्थन होते. प्रत्यक्षात सप्टेंबर २०१४ च्या आरंभी सुकुरी या सुरक्षा कंपनीने जाहीर केले तेव्हा चोर केव्हाच शहाणे झालेले होते. अडाणी राहिले होते ते मालक. ज्यांनी प्लगिन स्वतंत्र विकत घेतले त्यांना निदान नवी आवृत्ती निघाल्याची सूचना मिळण्याची सोय होती. ज्यांना ते थीमबरोबर मिळाले त्यांच्याकडे स्वतःचा परवाना नव्हता, म्हणून सूचनाही नव्हती. थीमवाला नवी थीम काढील तेव्हा ती त्यांच्यापर्यंत यायची. कित्येकांना आपल्याकडे असे काही प्लगिन आहे हेच माहीत नव्हते. ज्याने कधी कंत्राटी कामगाराचा पगार थकल्यावर दारोदार फिरून पाहिले आहे त्याला ही साखळी ओळखीची वाटेल. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार पोटठेकेदाराकडे, आणि पोटठेकेदाराचा पत्ता सापडत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये याचे फळ आले. ‘सोकसोक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या टोळधाडीने याच प्लगिनमधल्या दोषांच्या वाटेने एक लाखावर वर्डप्रेस संकेतस्थळे बाधित केली असावीत, असा सुकुरीचा अंदाज होता. गूगलने अकरा हजारांवर संकेतस्थळांना धोक्याची पाटी लावली. ज्याच्या दारावर पाटी लागली तो दुकानदार म्हणजे दोषाचा कर्ता नव्हे. पण गिऱ्हाईक माघारी गेले ते त्याच्याच दारावरून. दुरुस्ती तर दहा महिन्यांपूर्वीच झालेली होती.

२०१६ साली पनामातील मोसॅक फोन्सेका या वकिली कंपनीचे एक कोटी पंधरा लाखांच्या आतबाहेर कागद बाहेर आले तेव्हा तिच्या संकेतस्थळावर याच स्लायडरची जुनी आवृत्ती होती असे आढळले, आणि चोरवाट तीच असावी असा तर्क मांडण्यात आला. मांडणारा तोच माउंडर. हा तर्क सिद्ध झालेला नाही, म्हणून त्यावर आम्ही इमारत उभी करीत नाही. पण ज्या कंपनीचा सारा धंदा गुपिते सांभाळण्याचा, तिला आपल्या दर्शनी पानावर काय बसवले आहे याचा पत्ता नव्हता, एवढे तरी खरे.

फुकटच्या मोहाबद्दलही सांगितले पाहिजे, कारण तो आपल्याकडे फार आहे. विकतची थीम कुलूप तोडून फुकट वाटणारी दुकाने इंटरनेटवर आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये फॉक्स-आयटी या डच कंपनीने अशा मालात दडवलेल्या ‘क्रिप्टोपीएचपी’चा अहवाल दिला. त्यात भोक शोधावे लागतच नव्हते; ते विकणाऱ्यानेच पाडून ठेवले होते. थीममध्ये एकच ओळ जास्तीची : इन्क्लूड, आणि पुढे ‘सोशल’ नावाच्या एका चित्राचे नाव. चित्राची फाइल म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नाही. उघडली असती तर तिच्यात चित्र नव्हते, आज्ञा होत्या. बाधित संकेतस्थळे असलेले तेवीस हजारांहून अधिक पत्ते त्या वेळी मोजले गेले.

आता कोणी म्हणेल, आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर चोरण्यासारखे आहे काय? वार्षिक सभेची सूचना आणि अध्यक्षांचा फोटो! आमचे म्हणणे असे की एकदा आपल्या संकेतस्थळाचा नकाशा काढून पाहावा. पुष्कळ ठिकाणी सभासद होण्याचा अर्ज तेथेच भरून घेतात. नाव, पत्ता, फोन, कोणत्या खात्यात काम करता, कधीपासून. तो अर्ज त्याच डेटाबेसात जातो ज्याची किल्ली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये लिहिलेली आहे. नव्याने संघटना बांधली जात असते तेव्हा पहिल्या पन्नास नावांची यादी हीच संघटनेची तिजोरी असते. ती व्यवस्थापनाच्या हाती लागली तर पुढे काय होते हे या कामात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही : बदली, मेमो, आणि कंत्राटी असेल तर उद्यापासून येऊ नकोस. पूर्वी ही यादी आम्ही कोटाच्या आतल्या खिशात ठेवीत होतो. आज ती सरकत्या चित्रांच्या मागे ठेवलेली असते.

यंत्राच्या बाबतीत कायद्याला एक गोष्ट फार पूर्वी कळली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २६ होते. फिरत्या दांड्यावरचे स्क्रू, बोल्ट, चाव्या आत बुडवलेल्या किंवा झाकलेल्या असाव्यात. दातेरी चाके झाकलेली असावीत, असे त्यात सांगितले होते. आणि अशी झाकणे नसलेले विजेवर चालणारे यंत्र कारखान्यासाठी जो विकील किंवा भाड्याने देईल त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणाऱ्याला, हे लक्षात घ्यावे. चालवणाऱ्याने सांभाळून चालवावे असे म्हणून कायदा थांबला नव्हता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा असे ठरवून साखळीच्या वरच्या टोकाला हात घातला. या कलमांची अंमलबजावणी कशी झाली ते आम्ही जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल फार चांगले बोलता येणार नाही. पण तत्त्व बरोबर होते.

सॉफ्टवेअरच्या बाजारात हे तत्त्व आता कोठे उंबऱ्याशी आले आहे. युरोपीय संघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. आपल्या मालातल्या भोकाचा कोणी गैरफायदा घेत आहे असे कळल्यापासून चोवीस तासांत उत्पादकाने पहिली खबर दिली पाहिजे, मालात कोणते सुटे भाग आहेत त्याची यादी ठेवली पाहिजे, आणि सर्वसाधारणपणे निदान पाच वर्षे दुरुस्त्या दिल्या पाहिजेत, असे तो सांगतो. धंदा म्हणून न करता फुकट वाटणाऱ्या कारागिराला त्यात सूट आहे. तो भाग उचलून विकणाऱ्याला नाही. टिमथंबची गोष्ट ज्याने वाचली त्याला ही वाटणी न्यायाची वाटेल. पण हा कायदा त्यांच्या बाजारापुरता आहे, आणि आपल्या संस्था तोवर बसून राहू शकत नाहीत.

म्हणून कार्यकारिणीवर असलेल्यांनी थीम बसवून देणाऱ्याकडून एक कागद लिहून घ्यावा : या थीममध्ये कोणकोणती प्लगिने गुंडाळलेली आहेत, प्रत्येकाची आवृत्ती कोणती, परवाना कोणाच्या नावावर, आणि नवी आवृत्ती निघाली तर ती कोण बसवणार व किती दिवसांत. ज्याला हा कागद देता येत नाही त्याला स्वतःलाच आत काय आहे ते माहीत नाही असे समजावे. वर्डप्रेसच्या गाभ्यातल्या किरकोळ दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप बसतात. त्यावरून थीमही आपोआप दुरुस्त होते असा समज पुष्कळांचा असतो, तो चुकीचा आहे. डेटाबेसचा पासवर्ड दुसऱ्या कशालाही वापरू नये. सभासदांचे अर्ज संकेतस्थळावर भरून घ्यायचेच असतील तर दर आठवड्याला उतरवून घेऊन तेथून पुसून टाकावेत.

आणखी एक बाब पुष्कळांच्या नजरेतून सुटते. थीम बदलली की जुनी थीम गेली असे आपण मानतो. ती गेलेली नसते. ती ‘निष्क्रिय’ या शिक्क्याखाली त्याच सर्व्हरवर, त्याच कप्प्यात पडून असते, आणि तिच्यातल्या फाइलीला बाहेरून नाव घेऊन हाक मारली तर ती ओ देते. टिमथंबच्या वेळी जी संकेतस्थळे फुटली त्यांत न वापरलेल्या थीमांच्या वाटेने फुटलेलीही होती. तेव्हा पडद्यावर एकच थीम दिसत असली तरी थीमांचा कप्पा उघडून पाहावा, आणि चालू थीम व वर्डप्रेसची स्वतःची एक राखीव थीम एवढ्या ठेवून बाकीच्या नुसत्या बंद न करता काढून टाकाव्यात.